तिल्लन : व्युत्पत्ती अज्ञात

बर्गेनहून सिन्नेवे आली आहे
माझ्या बहिणीच्या कवितांमागे जोडायची
शब्दार्थसूची घेऊन.
ओला कोट तिनं चुलीजवळच्या खुर्चीवर टाकला,
विचारलं, "सुरुवात करू या, एर्टी?"
कर, म्हटलं. चुलीत पीटचा तुकडा सारला.
ओस्ला याला जमीन जाळून ऊब घेणं म्हणायची.

शूर्माल, ती वाचते.
भरतीचं पाणी जिथवर चढतं ती रेघ.
फ्योरा म्हणजे ओहोटीचा किनारा, मॉल म्हणजे खूण.
मग चष्म्यावरून बघत :
"मॉल म्हणजे बोलणंसुद्धा.
शब्द दुसरा, पण कानाला तोच.
तुमच्या बहिणीला ठाऊक होतं?"

ओस्लाची शाळा चौदाव्या वर्षी सुटली.
पुढं लर्विकच्या शेडमध्ये, बोटांना चिंध्या गुंडाळून
हेरिंगची पोटं फाडणं.
ठाऊक नसावं.
पण तिची एक ओळ आहे :
पाणी येतं तिथवरच आपण बोलतो.
तेव्हा कोण जाणे.

मरील. सप्टेंबरच्या काळोखात
वल्ह्याला चिकटून वर येणारा उजेड.
मुळात, समुद्राची आग.
बरोबर.
ती वल्हं मध्येच थांबवायची, आगही थांबायची,
आणि मी रडायचो. हे सूचीत नको.

मिर्कनिन. तिनं लिहिलंय, संध्याकाळ.
मी म्हणतो, नाही;
दिवा लावायचा की इतक्यात नाही
यावरून घरात भांडण होतं, ती वेळ.
ती हसून लिहून घेते.

हाफ. किनारा दिसेनासा होतो तो खोल समुद्र.
तिकडं जाणारे आमचे पणजोबा
नावेत पाय ठेवला की काही शब्द गिळायचे.
मांजराला मांजर म्हणायचं नाही,
पाद्र्याला पाद्री.
आमच्या घरात उलटं झालं.
एक नाव जमिनीवरच घ्यायचं नाही असं ठरलं,
कुणी न ठरवता.

मग ती पान उलटते.
तिल्लन.
बारा कवितांत येतो.
येणार नाही त्याच्यासाठी खिडकीत ठेवलेला उजेड.
तीन कोश धुंडाळले तिनं,
फॅरोच्या एका म्हाताऱ्याला पत्र घातलं,
शेवटी एक लंगडा धातू सापडला,
त्याच्यापुढं प्रश्नचिन्ह.

मी चहा ओततो.
टिली कंपनीचा दिवा होता तो,
पितळी, रॉकेलचा, पंप मारायचा.
बाप पार दक्षिणेला, देवमाशांच्या बोटीवर;
ऑक्टोबरात गेला की मे उजाडायचा.
आई तरी रोज दिवा खिडकीत ठेवायची,
जसा काही तो शेजारच्या खाडीत गेलाय.
मी अडीच वर्षांचा, जिभेनं जड.
बोट दाखवून म्हणालो, तिल्लन.
ओस्ला हसली. आईसुद्धा.
त्या मे महिन्यात एक पेटी आली,
तिच्यात दोन स्वेटर, वस्तरा,
आणि देवमाशाच्या दातावर कोरायला घेतलेलं
जहाज, शिडांवाचून.
दिवा मात्र खिडकीतून हलला नाही.

नदीचं मूळ शोधू नये म्हणतात.
आमच्या बेटावर नदी नाही, नुसते ओढे,
त्यांची मुळं चिखलात;
पाय घातला तर बूट तिथंच राहतो.

सांगावं का हिला?
की बाई, तुझा धातू इथं बसलाय,
एकोणऐंशी वर्षांचा,
चहात बिस्किट बुडवतोय, अर्धं बुडालंय.

"जुनं नॉर्स असेल?" ती विचारते.
असेल. आमच्याकडं बरंचसं तिकडूनच आलं.
ती माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघते.
प्रश्नचिन्ह खोडत नाही. हुशार मुलगी.

साडेतीनलाच अंधारून आलं. तिची फेरी पाचची.
कोट अजून ओलाच.
दारातून ती मागं वळते :
"खिडकीतला दिवा चालू राहिलाय."

राहू दे, मी म्हणतो.